तिरडी बांधणाऱ्याचा सत्कार

सत्काराचं सांगायला आम्ही शेषरावच्या घरी गेलो, तर तो कोयता घेऊनच बाहेर आला. दुसऱ्या हातात सुतळीचं बंडल. आम्ही समितीचे चौघं इस्त्रीच्या कपड्यांत त्याच्या अंगणात उभे, आणि तो चपला पायात सरकवत विचारतो, "कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं, काका," धर्मेंद्रभाऊ हसत म्हणाले. "तुमचा सत्कार करून राहिलो आमी."

शेषरावनं कोयता खाली ठेवला, पण त्याचा विश्वास काही बसलेला दिसेना. त्याचं तरी काय चुकलं? आमच्यापैकी एकही जण मयत झाल्याशिवाय त्याच्या अंगणात कधी आला नव्हता. चौघं मिळून आले म्हणजे मोठ्या घरची मयत, एवढंच त्याला कळलं. आम्ही मात्र हा किस्सा परतताना रस्ताभर हसत सांगत आलो आणि पारावर बसलेल्यांना पुन्हा रंगवून सांगितला. लाज वाटायला पाहिजे होती ती तेव्हाच. पण आमच्या गावाला लाज जरा उशिराच वाटते, आणि मीही त्याच गावचा.

मूर्तिजापूरहून ऑटोनं आलात की आमच्या गावाच्या अलीकडे नाल्याकाठी एक हिरवी पट्टी दिसते. ती शेषरावची. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे तोडणी करून तो माल मूर्तिजापूरच्या बाजारात नेतो आणि उरलेला टोपलीत घेऊन गावात विकतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शेंदूरजनाघाटकडे दिलेली. एवढ्यावर त्याची ओळख संपली असती. पण गावात कुणी गेलं की आधी शेषरावला हाक जाते, मग नातेवाइकांना फोन.

पहिली तिरडी त्यानं स्वतःच्या बापाची बांधली. नाल्याला पूर होता, जाणती माणसं पलीकडे अडकली होती आणि गावात उरलेल्यांपैकी कुणालाच ते जमत नव्हतं. हा मिसरूड न फुटलेला पोरगा बांबू तोडून बसला, आणि बांबूचं दुसरं टोक धरलं ते त्याच्याच वयाच्या जानरावनं. जानराव म्हणजे आमच्या धर्मेंद्रभाऊंचे वडील. काळ्या जमिनीचे धनी, मोठं घर, आणि दोस्ती मात्र या भाजीवाल्याशी. शकुंतला ही छोटी आगगाडी चालू होती तेव्हा दोघं तिच्यातून विनातिकीट अचलपूरला जायचे आणि येताना कुठल्या तरी बागेतली संत्री खिशात घालून आणायचे. जानराव अजून ते सांगताना हसतात. शेषराव हसत नाही, इकडेतिकडे पाहतो, जणू बागवाला अजून मागे आहे.

त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक घरची तिरडी त्यानं बांधली. जात पाहिली नाही, भांडण पाहिलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्यानं त्याला चारचौघांत शिव्या घातल्या, त्याच्या आईसाठीही तो भर उन्हात बांबू तासत बसला होता. कोरोनाच्या साली पोटची पोरं रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, तेव्हाही हा जवळ होता. त्यानं बांधलेली गाठ खांदेकरी कितीही धडपडले तरी सैल होत नाही आणि स्मशानात एका झटक्यात सुटते. कुणी काही देऊ केलं तर तो घेत नाही. विहिरीवर आंघोळ करतो आणि घरी जातो.

आता आमचं काय? आम्ही त्याला मयतीला बोलावलं आणि बाकी सगळ्याला विसरलो. लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं नाव असतं, पण तो नवरदेवाच्या समोर आला की बाया कुजबुजतात. त्याला ते कळतं, म्हणून तो पंगतीत जेवून मागच्या मागे निघून जातो. कुणाच्या घरी आजारी माणूस असला तर त्या गल्लीत तो भाजीची हाळीसुद्धा देत नाही. हे त्याला कुणी शिकवलं? एकदा कुणाच्या तरी म्हाताऱ्यानं अंथरुणावरून त्याचा आवाज ऐकला आणि रडायला लागला, "मले न्याले आला तो." त्या घरच्या सुनेनं शेषरावची टोपली दारातून लोटून दिली होती. तेव्हापासून त्यानं आपण होऊनच वाट बदलली. आम्ही म्हटलं, समजूतदार आहे हो शेषराव. दुसऱ्याच्या अपमानाला समजूतदारपणा म्हणायचं, हे आम्हाला छान जमतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जानराव पडले. अमरावतीच्या दवाखान्यात बरेच दिवस होते, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. याचा अर्थ काय, तो साऱ्यांनाच समजतो. बोलणं साफ, डोकं शाबूत, पण शरीर रोज थोडं थोडं खाली चाललेलं. शेषरावच्या कानावर गेलं तसा तो माझ्या दुकानात आला. माझं स्टँडवर कृषी केंद्र आहे, बियाणं न्यायला तो येतोच.

"नितेशभाऊ, जानरावले भेटाले गेलो तं चालन का?" त्यानं विचारलं.

मी धर्मेंद्रभाऊंना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "माय नाही म्हनते गा. बुढ्याच्या जिवाले धसका बसन. काकाले सांग, डाक्टरनं भेटाले मना केली हाये."

मी सांगितलं. तोंड वाकडं न करता सांगितलं. शेषरावनं "बरं" म्हटलं, मेथीचं बियाणं घेतलं आणि गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या बाजारालाही. दर वेळी मी डॉक्टरांवर ढकललं. त्याच दिवसांत गावातले अर्धे लोक जानरावांना भेटून चहा पिऊन येत होते, आणि हे शेषरावला ठाऊक नसेल असं समजण्याइतका मी मूर्ख नाही. तरी सांगितलं.

आणि अशात धर्मेंद्रभाऊंच्या डोक्यात सत्कार आला. दरवर्षी आमची समिती गावासाठी आयुष्य घालवलेल्या माणसांचा सन्मान करते, भाऊ तिचे अध्यक्ष, मी सचिव. यंदा निवृत्त नर्सबाई सीमाताई आणि शेषराव. मला वाटतं भाऊंच्या मनात कुठं तरी टोचत होतं. घरात घेता येत नाही, तर स्टेजवर घ्यावं. पण आमच्याकडे रीत अशी की सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तींचं जेवण अध्यक्षांच्या घरी. यंदा भाऊंनी जेवण शाळेच्या खोलीत ठेवलं. "घरी जागा कमी पडते," ते बैठकीत म्हणाले. त्यांच्या ओसरीवर लग्नाची पंगत बसते. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला.

कार्यक्रम छान झाला. अकोल्याहून पाहुणे आले होते. सीमाताई बोलल्या, टाळ्या झाल्या. मग शेषराव. धुतलेलं धोतर, नवी टोपी, जागेवरून उठताना आधी मागं वळून पाहिलं की दुसऱ्याच कुणाला बोलावलं की काय. धर्मेंद्रभाऊंनी शाल पांघरली, नारळ दिला, सन्मानचिन्ह दिलं आणि माईकवर असं भाषण केलं की पाहुण्यांचे डोळे भरले. "ज्यांनी आमच्या प्रत्येक घराला शेवटच्या प्रवासात साथ दिली, ते हे घरोघरचे शेषरावकाका!" घरोघरचे. मी खाली बघत राहिलो.

"दोन शब्द बोला, काका," मीच माईक पुढे केला. मला वाटलं, नमस्कार करून बसेल.

त्यानं माईक धरला नाही, त्याच्यापासून हातभर लांब उभा राहून बोलला. पण अशी शांतता झाली की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मले बोलता येत नाही. तुमी मान देल्ला, लय झालं. एक मांगनं हाये फक्त. जानरावले मी लय दिवसापासून पायलं नाही. मले त्याले एक डाव भेटू द्या. तो जित्ता हाये तवरच. मंग तं तुमी मले बोलवसानच."

पाहुण्यांना काही उमगलं नाही. म्हाताऱ्या मित्रांची आठवण वगैरे असेल समजून त्यांनी टाळी वाजवली. त्यांची एकट्याची टाळी मंडपात वाजली आणि थांबली. माझे कान तापले होते. बायांच्या बाजूला कुणी पदर तोंडाला लावला होता. प्रत्येकाला आपापलं दार आठवत असणार, मला माझं दुकान आठवत होतं. धर्मेंद्रभाऊंचा चेहरा उतरला. पण गावासमोर दुसरं काय म्हणणार? "चला काका," ते म्हणाले. "आत्ताच चला."

आम्ही निघालो. शेषरावला शाल सांभाळता येईना, म्हणून ती आणि सन्मानचिन्ह मी घेतलं. मागून दहा-वीस लोक आले, ते फाटकापाशी थांबले. दारात सुभद्राबाई, जानरावांच्या पत्नी, चौकटीला हात लावून उभ्या. वाट अडवूनच. शेषराव पायरीच्या खाली थांबला.

"वैनी, तुमी नाही म्हनलं तं वापस जातो," तो म्हणाला.

सुभद्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग फाटकातल्या लोकांकडे. त्यांचा हात चौकटीवरून खाली आला आणि त्या भिंतीला टेकून बाजूला झाल्या. शेषरावनं चपला काढल्या, रांजणातलं पाणी पायावर घेतलं आणि आत गेला. मागून भाऊ आणि मी, शेवटी सुभद्राबाई.

जानराव आतल्या खोलीत बाजेवर होते, भिंतीकडे तोंड करून. एवढा मोठा माणूस, आता गोधडीखाली नावालाच उरलेला. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, "कोन हाये?"

"मी, शेषराव."

मला वाटलं, आता हे घाबरणार, ओरडणार, आणि सुभद्राबाई म्हणणार, सांगत होते ना मी. जानरावांनी हळूहळू मान वळवली. बराच वेळ शेषरावकडे पाहिलं. भीतीचा मागमूस नव्हता तिथं. राग होता, सरळ राग.

"आता काहून आला?" ते म्हणाले. "दिवाळी गेली, संकरात गेली. कडी वाजली का मले वाटे, आला शेषराव. सारं गाव येऊन गेलं, तू नाही आला. मेल्यावरच तोंड दाखोनार होता का, बे?"

शेषरावनं टोपी काढून हातात घेतली.

"मी रोज इचारो या पोट्ट्याले. तो बिचारा दर बाजाराले निरोप धाडे तुले. येतो म्हनते शेषकाका, येतो म्हनते, असं सांगे मले येऊन." जानरावांना धाप लागली, पण ते थांबेनात. "सांग ना रे धर्मेंदर! याच्या तोंडावर सांग, किती खेपा निरोप देल्ला तूनं याले!"

धर्मेंद्रभाऊ बाजेच्या पायथ्याशी उभे होते. हा निरोपाचा प्रकार मलाही तेव्हाच कळला. इकडे शेषरावला डॉक्टरांचं नाव सांगायचं आणि तिकडे बापाला सांगायचं की शेषरावच येत नाही. भाऊ गोधडीचं टोक सारखं करू लागले. सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. मी शेषरावची शाल हातात धरून दारात उभा, आणि एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं.

शेषरावनं एकदा भाऊंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"देल्ला गा," तो जानरावांना म्हणाला. "लय खेपा निरोप देल्ला पोरानं. मलेच येनं झालं नाही. बाजार, भाजी, तुले तं मालूम हाये."

"भाजी!" जानराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "दोस्तापक्षी मेथी मोठी झाली तुले."

"चुकलं माहं," शेषराव म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

"बस आता. उभा काय राह्यला?"

तो खाली फरशीवर बसू लागला, तर जानराव ओरडले, तेव्हा बाजेच्या काठावर बसला. जानरावांनी त्याचं मनगट धरलं आणि पुन्हा सुरू केलं, की तू बदलला, की तुझ्यात माया नाही राहिली, की पहिल्यापासूनच तू असा. तो प्रत्येक बोलाला हो म्हणत होता. आम्ही तिघं तिथंच उभे होतो, आणि आमच्यापैकी कुणीही खरं सांगितलं नाही.