व्हॉल्व्हवरची काजळी

मला मंगळवारची भीती वाटते. आईचं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं. शनिवारनंतर मधे दोन दिवस जातात आणि त्या दोन दिवसांचं पाणी तिच्या अंगात साठतं. मंगळवारी सकाळी ती बोलताना मधेच थांबते, कारण वाक्य पुरं करायला श्वास पुरत नाही. आम्ही राहतो विश्रांतवाडीत आणि तिच्यासाठी मशीन मिळालं ते कोथरूडला. तेव्हा मंगळवारी गाडी सुरू व्हावी आणि मधे कुठे बंद पडू नये, एवढंच माझं आठवड्याचं मागणं.

गाडी मी निवडली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि ते मी सांगतेही. बाबा अकोल्याकडून पुण्यात आले ते ट्रकच्या गॅरेजात हाताखाली काम करायला. मिस्त्री होऊन निवृत्त झाले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा मी महिनाभर वाचून, तुलना करून ही गाडी घेतली. चार वर्षं वापरलेली, पेट्रोलची, डायरेक्ट इंजेक्शनची. म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात, प्रचंड दाबाने फवारलं जातं. ताकद जास्त, पेट्रोल कमी. बाबांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे दहा वर्षं टिकेल का? मी म्हटलं, बाबा, तंत्रज्ञान पुढे गेलंय. ते गप्प बसले. ते गप्प बसल्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

मी गाडी जीवापाड जपली. गाडीबरोबर आलेलं पुस्तक पेन्सिलने खुणा करून वाचलं. दर पाच हजार किलोमीटरला नाना पेठेतून इंजेक्टर साफ करायच्या औषधाची बाटली आणून टाकीत ओतायची, हा माझा नेम. इंजिनाला त्रास नको म्हणून त्याच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या वर कधी जाऊ दिला नाही. सोसायटीतले एक काका गेटपाशी म्हणाले होते, "आपण गाडी चालवता की वरात काढता?" मी हसले. मनात म्हटलं, तुमची गाडी पाच वर्षांनी बघू. बाटलीचा सल्ला मी त्यांनाही दिला होता.

तो मंगळवार आला तेव्हा गाडी आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी सुरू करताना ती थरथरली, थंडी वाजल्यासारखी. मी दुर्लक्ष केलं, कारण उशीर झाला होता. संगम पुलावर तिने पहिला झटका दिला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी पाय आणखी हलका केला, ती आणखी झटके द्यायला लागली आणि पूल उतरल्यावर सिग्नलला बंद पडली.

मागे हॉर्न सुरू झाले. मी वळून आईकडे पाहिलं. सुजलेले पाय चपलांतून बाहेर काढून, दाराच्या वरचा दांडा धरून बसलेली. ओठ निळसर वाटले, की मलाच तसे दिसले, कोण जाणे. बटण दाबलं, नुसती घरघर. पुन्हा दाबलं. आईने विचारलं, "चालू होईल ना गं?" त्या चार शब्दांत ती दोनदा थांबली.

तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. तशीच अडखळत कोथरूडला पोचलो. पाऊण तास उशीर झाला होता, पण आईचं मशीन अजून दुसऱ्याला दिलेलं नव्हतं. तिला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसले. पेट्रोलला दाब देणारा पंप जाऊ शकतो. इंजेक्टर गळू शकतो. एकेक पान उघडत गेले आणि प्रत्येक पानावर माझ्या गाडीला नवा आजार होता. शिकलेल्या माणसाला घाबरायलाही साहित्य भरपूर मिळतं.

घरी मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी बाबा आपणहून पार्किंगमध्ये आले. हातात त्यांचा जुना, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. म्हणाले, सकाळी तिची थरथर वर तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली. बॉनेट उघडून गाडी सुरू करायला लावली. स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरशी टेकवून त्याची मूठ कानाला लावली. डोळे मिटले.

"चारही बोलून राहिले. दुखणं दुसरीकडं हाये." मग विचारलं, "टाकीत काय टाकून राहिली तू?"

मी बाटलीचं सांगितलं. त्यांना समजावं म्हणून वहीच्या पानावर चित्र काढलं: हा सिलिंडर, हा हवेचा रस्ता, हा हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह, आणि पेट्रोल इथून, थेट आत. त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं.

"म्हणजे या व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही."

"नाही."

"पहिलेच्या गाड्यांत जायचं. मग आता त्याले धुते कोण?"

तीन वर्षं मी टाकीत औषध ओतत होते आणि ते कुठवर पोचतं, हे स्वतःच काढलेल्या चित्रात मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आळंदी रोडवरच्या गॅरेजात मिस्त्रीने बारीक कॅमेरा आत घालून पडद्यावर दाखवलं. व्हॉल्व्हवर चुलीमागच्या भिंतीसारखी जाड, खडबडीत काजळी. "मॅडम, बाटली चांगली आहे," तो म्हणाला, "फक्त ती इथे येत नाही. आणि इतकी हळू चालवता, की हिला कधी नीट तापूच देत नाही." बाबा शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि या वेळी त्या गप्प बसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काजळी काढली. मी विचारलं, आता पुढे? तो म्हणाला, पुन्हा धरेल, पुन्हा काढू. आणि पंप? "पंपाचं मी लिहून देत नाही."

पुढच्या मंगळवारी बाबा पुढच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर स्क्रूड्रायव्हर. संगम पूल आला तसा माझा पाय सवयीने हलका झाला.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबला. काटा तीन हजारांच्या पुढे गेला. इंजिनाचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मागून आई म्हणाली, सावकाश. बाबा मागे न वळता म्हणाले, सावकाशीनंच तर काजळी धरली.

आई मशीनवर गेल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली. इंजेक्टरची बारीक टकटक, आणि टोक सरकवल्यावर पंपाची एकसारखी घूं. चांगला आवाज कोणता ते मला कुठे माहीत! ते म्हणाले, "आजचा ध्यानात ठेव. बदलला की समजते."

तेव्हापासून दर मंगळवारी आईला खाली आणण्याआधी मी ऐकते. परवा ती घूं मला किंचित जाड वाटली. दोनदा ऐकलं, मग बाबांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ कान लावला. स्क्रूड्रायव्हर पुसला, बॉनेट हळूच लावलं.

"आवाज बदलला. चाल," म्हणाले. "आज मीबी येतो."