शुद्ध उच्चार

“कविता उत्तम आहे. फक्त वाचेल आमची मिसेस. तुमचे उच्चार... समजून घ्या ना.”

साहेब हसत म्हणाले. रियाधला, ओलायातल्या त्यांच्या फ्लॅटवर, जमलेल्या मराठी मंडळींसमोर. साहेब आमच्या कंपनीचे मॅनेजर, पुण्याचे. मी त्यांच्या हाताखालचा अरबी दुभाष्या, श्रीवर्धनचा मुसलमान. कविता एका अरबी बाईची. सुट्टीचे सगळे शुक्रवार घालवून मी ती मराठीत आणली होती.

साहेबांनी लाल पेनने ती ‘शुद्ध’ केली होती. आमच्या किनाऱ्यावरचे शब्द साफ उडवले होते. एक बाई म्हणाल्या, “तुमच्यात घरी उर्दूच बोलतात ना?” माझी आई मला शिव्यासुद्धा मराठीत घालते, बाई! हे मनातच. दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसलो. वाचन झालं, टाळ्या झाल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही.

मग लढाई पेटली. इराकची क्षेपणास्त्रं रियाधवर येऊ लागली. सरकारी सूचना अरबीत आली: भोंगा वाजला की काम थांबवा, बंद खोलीत जा, प्रत्येकाला गॅस मास्क द्या. साइटवरचे बहुतेक कामगार रत्नागिरी-रायगडचे, म्हणून मी ती मराठीत केली. साहेबांनी तेच लाल पेन काढलं. ‘काम थांबवा’ उडालं. मास्कची ओळ उडाली. मास्क आले होते, पण ऑफिसरांपुरते.

“लोक उगाच घाबरतात. राहिलंय तेवढंच वाचून दाखवा. यल्ला, चला.”

म्हणजे माणसं मारायला माझे उच्चार चालणार होते! डोक्यात तिडीक गेली.

मेसमध्ये सगळे जेवायला बसले होते. साहेब दारात उभे. मी बाकावर चढलो. लाल रेघांचा कागद खिशात कोंबला, मूळ अरबी सूचना हातात धरली आणि आईच्या बोलीत सगळं सांगितलं.

“भोंगा वाजला का हातातला काम टाकायचा न् खोलीत जायचा. मास्क सगल्यांना द्यायचा, असा सरकारचा हुकूम हाय.”

हमीदचाचा, आमचे सगळ्यांत वयस्कर फिटर, ताट सारून उठले. “मंग आमचा मास्क कुठं हाय, साहेब?”

साहेब त्यांना टाळून माझ्याकडे वळले. “तुमचा इकामा रद्द करायला कफीलला एक फोन पुरे.”

“करा. पण मी अर्धं वाचणार नाही.”

इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना; तो कफीलच्या, आमच्या अरब जामीनदाराच्या, हातात होता. घरची चार तोंडं माझ्या पगारावर होती. तरी बाकावरून उतरलो नाही. एकेक करून सगळे ताटावरून उठले. मास्क मिळेपर्यंत साइटवर कुणी गेलं नाही.

मास्क आले. लढाई संपताच मला घरी धाडलं. खलास.

पुढे जन्मभर भाषांतरंच केली. अजूनही कुणीतरी गोड बोलून सांगतं, भाषा जरा शुद्ध करू, वाचायला दुसरं कुणी बघू. मी कागद परत मागतो. माझं भाषांतर माझ्या बोलीतच राहील आणि माझ्याच तोंडून ऐकावं लागेल. नको असेल तर दार उघडं आहे. या वेळी चपला तुम्ही घाला.