दोघांचा मुराळी

माझं लग्न झालं त्याच वर्षी माझे सासरे पोलीसखात्यातून रिटायर झाले. त्यामुळे त्या घरात आम्ही दोघं एकदमच नवखे होतो, एक सून आणि एक सासरा. मला चूल कुठं, घडवंची कुठं ते चार दिवसांत कळलं. सासऱ्यांना मात्र स्वतःच्याच घरात कुठं बसावं ते वर्षभर उमगत नव्हतं.

त्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. गाव मात्र त्यांना जमादारच म्हणे. उभी हयात त्यांनी नगर जिल्ह्यातल्या लहानसहान चौक्यांवर काढली होती. वर्दी, पट्टा, लाठी सरकारजमा करून ते जामखेडच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी आले आणि पहिल्यांदा धोतर नेसून चालायला लागले, तर पायात पाय. आत्या म्हणायच्या, "ह्या चालीनं चोर धरला आसता तर चोरानंच उचलून घरी आनलं आसतं." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आमचे हे शाळामास्तर, नोकरी पार भंडारदऱ्याकडे, सुट्टी लागली की यायचे. घरात आम्ही तिघंच. रिकामा वेळ जावा म्हणून मामांनी बाज विणायला घेतली होती. लिंबाखाली बसून दिवसभर सुतळी ओढायचे, संध्याकाळी उसवायचे. त्यांनी विणलेल्या बाजेवर मांजर झोपलं असतं तरी खाली पडलं असतं. पण हे बोलायची माझी तेव्हा टाप नव्हती. मी नुसती पदराआड हसायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मामा जेवायला बसोत, झोपोत, नाहीतर सुतळी वळत बसोत, तोंड कायम दाराकडे. दाराला पाठ केलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, खात्याची सवय असेल. मग एकदा ज्वारी निवडता निवडता आत्यांनी खरं काय ते सांगितलं.

खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात बांधावरून दोन चुलतभावांचं भांडण झालं आणि एकानं दुसऱ्याच्या हातावर कुऱ्हाड घातली. हात वाचला, पण वाकडा राहिला तो राहिलाच. मारणाऱ्याला धरायला मामा गेले. तो हातापाया पडून म्हणाला, जमादार, मला ओढ्याच्या वाटेनं न्या, वेशीत माझी आई बसलीय. मामांनी ऐकलं नाही. दोरी बांधली आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, वेशीतूनच त्याला बाहेर काढला. सात वर्षांची सजा लागली. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो मामांना म्हणाला होता, "सुटलो की पयला तुमच्याच दारात येनार." आत्या तेव्हा तिथं उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"आन आता त्याची सजा संपत आली," आत्या म्हणाल्या. "तू बी दाराला कडी लावत जा."

मी हो म्हटलं. पण मला तेव्हा त्या माणसापेक्षा स्वतःचं दुःख मोठं होतं. लग्नानंतरची माझी पहिली पंचमी तोंडावर आली होती. पहिल्या पंचमीला पोरीला न्यायला माहेराहून मुराळी येतो, भाऊ नाहीतर चुलता. माझा एकुलता एक भाऊ पुण्याला कारखान्यात, त्याला रजा मिळेना, आणि वडिलांच्या गुडघ्यांनी मान टाकलेली. त्यांनी निरोप धाडला की यंदा मुराळी धाडायला माणूस नाही, वाईट वाटून घेऊ नको. मी वाईट वाटून घेतलंच. दोन दिवस भाकऱ्या करपवल्या.

पंचमीच्या अगोदरच्या बाजाराच्या दिवशी मामा आणि आत्या बाजाराला गेले होते. दार लावलं तर चुलीचा धूर घरात कोंडायचा, म्हणून मी ते सताड उघडं टाकलं होतं. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगानं बारीक, सदरा धुतलेला, हातात कापडी पिशवी.

"जमादार हायत का?"

"बाजारला गेलेत. बसा."

मी पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. मामांकडे असे पुष्कळ जण यायचे, भांडणतंट्याचा सल्ला मागायला. हा मात्र लिंबाखालची बाज बघत बसला. मग म्हणाला, "ही कुनी इनली?"

"आमच्या मामांनी."

"उसवू का?"

मी म्हटलं, खुशाल उसवा, नाहीतरी संध्याकाळी उसवायचीच आहे. त्यानं सगळी सुतळी काढली, गुंडाळली, आणि पायानं बाजेचा दांडा दाबून भराभर विणायला लागला. मला अशी माणसं आवडतात. आल्या आल्या हाताला काम लावून घेणारी. मला भारीच हुरूप आला आणि मी म्हटलं, "ते झालं की जरा लाकडंही फोडून द्या. कुऱ्हाड मागच्या दाराशी आहे. थांबा, मीच आणते."

कुऱ्हाड आणून मी त्याच्यापुढे धरली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"कुराड नगं, बाई," तो म्हणाला. "दुसरं कायबी सांगा."

मी मनात म्हटलं, आळशी दिसतोय मेला. कुऱ्हाड बाजेला टेकवून ठेवली आणि भाकरी थापायला आत गेले.

मामा आणि आत्या परत आले ते मला आवाजावरूनच कळलं. आत्यांच्या हातातली पिशवी पडली आणि कांदे अंगणभर गडगडत गेले. मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. तो माणूस उठून उभा होता. शेजारी मी ठेवलेली कुऱ्हाड. मामांचा हात कमरेकडे गेला होता, जिथं आता पट्टा नव्हता. आत्या माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "त्योच."

 ज्या माणसासाठी आत्यांनी दाराला कडी लावायला सांगितली होती, त्याला मी गूळपाणी दिलं होतं आणि वर हातात कुऱ्हाड द्यायला निघाले होते.

"आलास?" मामा म्हणाले.

"आलो."

"तवा म्हनला हुतास ते करायला आलास?"

"तवा तुमचं डोस्कं फोडायचंच हुतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पन जेलात इनायला शिकलो. सतरंज्या, बाजा. इनता इनता राग कुटं गेला कळलं न्हाई."

मामा खाली बसले. मला म्हणाले, "पोरी, ती कुराड आत ठेव आन च्या टाक." मी कुऱ्हाड उचलली आणि सगळं ऐकू यावं म्हणून चहा दाराशी बसून केला.

तो सांगत होता. सुटून महिना झाला होता. दोनदा गावाच्या फाट्यावर उतरला आणि दोनदा परत फिरला. गावाला वाटणार पळून आलाय. भावाला वाटणार मारायला आलाय. आई मधल्या काळात गेली, तिच्या मातीलाही येता आलं नाही. आता गावात त्याच्यासाठी एक शब्द टाकणारं कुणी उरलं नव्हतं.

"तुमीच मला वेशीतनं भाईर न्हेलं," तो म्हणाला. "आता तुमीच आत आनून सोडा."

मामा बराच वेळ बाजेच्या विणीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ओढ्यानं चोर जात्यात. तू चोर नव्हतास, म्हनून तुला वेशीतनं न्हेलं हुतं."

"मला तसं वाटलं न्हाई, जमादार."

"न्हाईच वाटनार," मामा म्हणाले. चहा आला तेव्हा पहिली कपबशी त्यांनी त्याच्यापुढे सरकवली.

चहा संपल्यावर त्यांनी ठरवून टाकलं. "सकाळची गाडी धरायची. सुनंचं माहेर खर्ड्याला हाय. तिला बी पंचमीला घालवायचीच हाय. दोगांनाबी सोडतो."

आत्या भडकल्या. त्या माणसाबरोबर आपल्या पहिलटकरणीसारख्या जपलेल्या सुनेला धाडायची? मामा म्हणाले, "मुराळी मी हाय का तू?" मी मध्ये बोलले नाही. माहेर दिसत असलं की वाटेत कोण आहे ते मुलीला दिसत नाही.

तो रात्री मारुतीच्या देवळात झोपला. सकाळी जामखेडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं मामांनी मला कासाराच्या पुढ्यात बसवलं आणि त्याला म्हणाले, "मनगटापास्नं वर भर. हिरवा चुडा. हात रिकामा ठेवू नको." सासऱ्यांनी सुनेला स्वतः उभं राहून बांगड्या भरवल्या असं मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. मला भरून आलं. लग्नातली हिरवी साडी नेसायलाही सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.

पण खर्ड्याच्या अलीकडे, फाट्यावर, त्यांनी मलाही खाली उतरवलं तेव्हा माझं भरून आलेलं सगळं ओसरलं. मला पुढं सोडून मग ह्याला आणता आलं नसतं का? डोक्यावर ऊन, हातात बोचकं, आणि वाट सगळी खडकाळ. मी तोंड फुगवून चालत होते. तो माणूस मात्र चालतच नव्हता. दर चार पावलांवर थांबायचा. एकदा मामा सवयीनं म्हणाले, "चल, पुढं हो." आणि लगेच स्वतःच त्याच्या पुढे जाऊन चालायला लागले.

वेशीजवळच्या पारावर माणसं बसली होती. आम्हाला बघून सगळी एकदम उठली. त्यांतल्या एकाचा उजवा हात कोपरात वाकडा होता. मी चालायची थांबले. त्यांच्याआडून कुणीतरी झटकन पाठीमागच्या घरात शिरलं, आणि तिथून ते काय घेऊन येणार ते माझ्या डोळ्यांपुढे लख्ख दिसलं. मामांच्या हातात लाठी नव्हती, साधी छत्रीसुद्धा नव्हती.

"जमादार," वाकड्या हाताचा म्हणाला, "आता कुनाला न्यायला आलाय?"

"न्यायला न्हाई. आनायला आलोय," मामा म्हणाले. "सजा भोगून झाली, सरकारनं सोडला. ह्याला त्याच्या घरी सोडतो, आन माझ्या सुनंला तिच्या माहेरी. पयली पंचमी हाय तिची. उनात चालून आलीय. पोरीला पानी मिळंल का?"

कुणी हललं नाही. मग त्या घरातून एक बाई बाहेर आली, हातात तांब्या. आत गेलेलं माणूस म्हणजे तीच होती, वाकड्या हाताच्याची बायको. त्या माणसाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तडक माझ्याकडे आली. माझ्या हातातला चुडा बघून थबकली.

"माहेरला चाललीस व्हय?"

मी मान हलवली. 

"आन आशीच वेशीत हुभी ऱ्हायलीस?" असं म्हणून ती परत आत गेली आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. आमच्याकडे लेक दाराशी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेतलं वाईटसाईट निघून जावं म्हणून. मी तिची कोण होते? पण तिनं तुकडा माझ्यावरून उतरवला. माझ्या पायांवर पाणी घातलं. तुकडा टाकायला हात वर केला आणि तिथंच थांबली. तो माणूस माझ्या शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. मग तिनं तोच तुकडा त्याच्यावरूनही ओवाळला, जरा घाईनं, आणि लांब टाकून दिला. उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

तो वाकड्या हाताचा चुलतभाऊ पारावरून खाली उतरला. जवळ काही आला नाही. लांबूनच म्हणाला, "घर उगडून घे. आईच्या मागं बंदच हाय. किल्ली हिच्याजवळ हाय."

आणि आम्ही आणलेला तो माणूस वेशीतून आत गेला. गर्दीतून एक-दोघं त्याच्या मागून गेले. मामा त्याला पाठमोरा बघत उभे राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "चला. दुपारची गाडी चुकंल."

 गाडीत बसल्यावर धीर करून विचारलं, "मामा, त्या बाईनं ओवाळलं नसतं तर?"

"आख्खा हात भरायला लावला हुता कासाराला," ते म्हणाले. "पयल्या पंचमीची पोर वेशीत हुभी आसल्यावर कोन कुराड काढतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवी साडी, चुडा, फाट्यावर उतरवणं, सगळा बंदोबस्त होता. लाठी सरकारजमा झाली म्हणून ह्या माणसानं सून आणली होती. मला इतका राग आला की बांगड्या काढून त्यांच्या हातात द्याव्यात असं वाटलं. चांगलं सुनवायचं ठरवून मी पदर सावरला आणि त्यांच्याकडे वळले.

मामा झोपले होते. गाडीचं दार आमच्या मागं होतं. लोक चढत होते, उतरत होते, दार आपटत होतं, आणि दाराकडे पाठ करून, तोंड उघडं टाकून, ते गाढ झोपले होते. सासरा आणि सून एका बाकावर म्हणून मी माझं बोचकं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं होतं. खड्डा आला तसं त्यांचं डोकं त्यावर येऊन टेकलं.

खर्डा येईपर्यंत मी ते बोचकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.