विकायची नसलेली बरणी

स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनवर एक बरणी होती आणि तिच्यात कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे भरलेले होते. मला ती दिसली आणि मी लगेच तिच्याकडे पाठ केली.

दोन वर्षांत एवढं मी शिकले होते. हवी ती वस्तू दिसली की तिच्याकडे बघायचं नाही. दुसरंच काहीतरी उचलायचं, त्याची किंमत विचारायची, थोडी घासाघीस करायची आणि निघता निघता सहज म्हणायचं, "आणि हे कितीला?" मी एक पोचे पडलेला डबा उचलला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो आणि पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागलो. पुण्यात मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. इथे माझ्याकडे डिपेंडंट पास होता, म्हणजे नवऱ्याच्या पासाला टांगलेला पास. त्यावर नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागायची, आणि ती मिळवून देणारी नोकरी काही मला मिळाली नाही. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. जुन्या वस्तू विकायचं एक ॲप तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. देश सोडून जाणारी, घर बदलणारी माणसं रविवारी घरातच सेल मांडायची. मी बघायला म्हणून जायला लागले आणि एकदा एक जुना कॅमेरा आणून, साफ करून, ॲपवर विकला. मग थांबले नाही. नवरा याला "तुझा छंद" म्हणायचा. धंदा हा शब्द तो घरातसुद्धा काढू द्यायचा नाही, कारण पासावर धंदा चालतो का, हे आम्ही दोघांनीही मुद्दाम शोधून बघितलं नव्हतं.

इथल्या जुन्या चिनी-मलय घराण्यांमध्ये गुलाबी, हिरव्या, पोपटी रंगांची चिनी मातीची भांडी असायची. लग्नाकार्यात वापरायची, ठसठशीत फुलं आणि पाखरं रंगवलेली. त्या भांड्यांनी मला वेडच लावलं. संग्रहालयात काचेला नाक लावून मी तासन् तास उभी राहायचे. खऱ्या जुन्या भांड्यावरचा रंग बोटाला किंचित उंच लागतो. कडेचं सोनेरी काम जिथे हात लागतो तिथेच झिजलेलं असतं. नकली भांड्याला जुनं दाखवायला घासतात, तेव्हा सगळे ओरखडे एकाच दिशेला जातात. हे सगळं मला पाठ होतं, पण इतक्या दिवसांत खरं भांडं काही हाताला लागलं नव्हतं.

तर ती बरणी. गुलाबी अंगावर मोठी फुलं आणि पिसारा फुलवलेला पक्षी, झाकणावर मूठ म्हणून छोटा सिंह. जुरोंग ईस्टच्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट विकला गेला होता. पन्नाशीचा मुलगा घर रिकामं करत होता आणि त्याची आई हॉलमध्ये खुर्चीवर बसून होती. आई मुलाकडे राहायला जाणार होती. मुलाच्या कपाळावर घाम होता आणि जे विचाराल त्याला तो "टेन डॉलर, टेन डॉलर" म्हणत होता.

मी डबा त्याच्यासमोर धरला. मग बरणीकडे बोट केलं. "आणि ही?"

"ती? वीस."

तेवढ्यात हॉलमधून म्हातारीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. "दॅट वन कॅनॉट."

मुलगा चिमटे एका पिशवीत ओतत होता. त्याचा खडखडाट झाला. "मा, माझ्याकडे जागा कुठे आहे?" तो न बघताच म्हणाला. "घेऊन जा, मॅडम. वीस."

मी दारातून म्हातारीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी पैसे दिले, ओढणीत बरणी गुंडाळली आणि दार ओलांडताना "थँक यू, आंटी" असंही म्हटलं.

जुरोंग ईस्टपासून पुंगोलपर्यंत बेट अर्धं ओलांडावं लागतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बरणी मांडीवर घेऊन मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. गाडी बदलताना जिन्यावर कुणाचा तरी धक्का लागला आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की तीन माणसांनी वळून बघितलं. घरी येऊन मी ती उन्हात धरली. पक्ष्याच्या पंखांवरून बोट फिरवलं. रंग उंच होता. सोनेरी काम फक्त सिंहाच्या पाठीवर आणि कडेच्या दोन जागी झिजलेलं होतं, झाकण उचलताना अंगठा आणि बोट जिथे टेकतात तिथे. आनंद व्हायला हवा होता. मी बरणी परत ओढणीत गुंडाळून ठेवली.

बरणी ॲपवर टाकली आणि चार दिवसांत गेली. घेणारा नोव्हेनाचा एक डॉक्टर होता, अशी भांडी जमवणारा. मी मागितलेल्या आकड्यावर त्याने घासाघीस केली नाही, तेव्हाच मला कळलं की मी आकडा कमी सांगितला. त्याने एकच प्रश्न विचारला, "ही आली कुठून?"

मी म्हणाले, "ओळखीचं कुटुंब आहे. त्यांनीच विकायला दिली."

हे खोटं मी आधी ठरवलं नव्हतं. ते आपोआप, इस्त्री केल्यासारखं बाहेर आलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी फोन वाजला. सेलचा पत्ता विचारायला मी म्हातारीच्या मुलाला मेसेज केला होता, त्यामुळे माझा नंबर त्याच्याकडे होता.

"मॅडम, ती बरणी परत हवी आहे. आई माझ्याशी बोलत नाही. आठ दिवस झाले. जेवण समोर ठेवलं की उठून जाते."

"सॉरी, पण मी ती दिली कुणाला तरी."

"दिली नाहीत. विकलीत." तो थांबला. "मी ॲपवर तुम्ही टाकलेला बरणीचा फोटो बघितलाय. किंमतही बघितली. तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं."

मग तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत बरणी आली नाही तर मी पोलिसांकडे जातो. तुम्ही कुठल्या पासवर आहात, मॅडम? तेही त्यांना विचारू दे."

मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो दुपारीच घरी आला. असं तो कधी करत नसे. बूट न काढता तो दारात उभा राहिला.

"पावती आहे?"

"घरातल्या सेलला कोण पावती देतं?"

"त्याने स्वतः किंमत सांगितली ना? तू चोरलं नाहीस, फसवलं नाहीस."

"त्याची आई नको म्हणाली होती."

"तू ऐकलंस?"

"हो."

"आणि तरी घेतलीस." तो खाली बसला आणि बूट सोडायला लागला, पण एक सोडून तसाच बसून राहिला. "अगं, माझा पास दोन महिन्यांनी रिन्यूअलला जातोय. पोरीची शाळा आहे. कुणी नुसतं एक पत्र जरी लिहिलं ना..." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी मी डॉक्टरला तीन मेसेज केले. तिन्हींवर निळी खूण आली, उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळी मी नोव्हेनाला त्याच्या दवाखान्यात गेले. भेटीची वेळ ठरलेली नव्हती म्हणून रिसेप्शनवरच्या बाईने पेशंटसारखा नंबर दिला. तीन तास मी खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या माणसांमध्ये बसले. डॉक्टरला परत द्यायच्या पैशांचं पाकीट पर्समध्ये होतं, आणि दर पाच मिनिटांनी मी ते चाचपून बघत होते. जेवणाच्या सुट्टीआधी माझा नंबर लागला.

मी सगळं सांगितलं. वीस डॉलर, म्हातारी, माझं खोटं. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. आजार सांगणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं.

"तुम्ही मला म्हणालात, कुटुंबाने विकायला दिली."

"हो. ते खरं नव्हतं."

"मी तुम्हाला पूर्ण किंमत दिली. कायद्याने ती माझी आहे. नाही दिली तर?"

"तर मी काहीच करू शकत नाही."

तो उठला आणि मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, संपलं. रिसेप्शनवरची बाई आत डोकावली आणि परत गेली. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं गेली. डॉक्टर एक खोका घेऊन आला आणि तो टेबलावर ठेवला.

"दया म्हणून देत नाही," तो म्हणाला. "जिच्यावरून भांडण आहे ती वस्तू मला घरात नको. माझे पैसे इथे ठेवा. आणि एक सांगतो, ही भांडी जमवणारे आम्ही वीस-पंचवीस जण आहोत, सगळे एकमेकांना ओळखतो. यापुढे तुमच्याकडून कुणी काही घेणार नाही."

मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि खोका उचलला. या वेळी एमआरटीचा धोका घेतला नाही. टॅक्सीतून जुरोंग ईस्टला जाताना ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मॅडम, ओके आहात ना?"

फ्लॅट जवळजवळ रिकामा झाला होता. हॉलमध्ये खुर्ची, दोन बॅगा आणि पंखा एवढंच राहिलं होतं. मुलाने दार उघडलं, खोका बघितला आणि त्याचा सगळा चेहराच सैल पडला. म्हातारी खुर्चीतच होती. मी खोका उघडून बरणी तिच्या पायांशी ठेवली.

तिने बरणीकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "मी त्या दिवशी कॅनॉट म्हणाले होते."

"हो, आंटी."

"हा म्हणतो, त्याला ऐकू आलं नाही. चिमट्यांचा आवाज होता." तिने मुलाकडे मान वळवली, मग पुन्हा माझ्याकडे. "तुला ऐकू आलं होतं?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. आवाज होता, असं म्हणणं किती सोपं होतं. दोघंही सुटलो असतो.

"आलं होतं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला हे माहीतच होतं. फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मुलाने भिंतीला हात टेकला.

"ही माझ्या सासूची," म्हातारी म्हणाली. "मला ती कधीच आवडली नाही. सासूही नाही, बरणीही नाही. म्हणून तर चिमटे ठेवले." मग तिने मुलाला बोट दाखवलं. "पण घर माझं होतं. मला विचारायचं."

मुलगा काहीतरी बोलायला गेला. "मा..."

"तू थांब." तिने मला जवळ बोलावलं. "तू किती मागितले होतेस?"

मी आकडा सांगितला. तिच्या भुवया वर गेल्या.

"आणि खरी किंमत?"

"त्याच्याही वर, आंटी. मी कमी सांगितली होती. घेणारा डॉक्टर एका शब्दात तयार झाला होता."

"डॉक्टरचा नंबर दे."

मला आधी समजलंच नाही. मग तिने मुलाच्या हातातला फोन मागून घेतला आणि माझ्यासमोर धरला. मी नंबर टाकून दिला. डॉक्टर आता फोन उचलेल की नाही, मला माहीत नव्हतं. "माझं नाव सांगू नका," मी म्हणाले. "मालकीणबाई स्वतः बोलताहेत, एवढंच सांगा."

तिने मला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. मी निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत मुलगा आला. तो बराच वेळ बटण दाबून उभा होता. लिफ्ट आल्यावर म्हणाला, "पोलिसांचं मी नुसतंच म्हटलं होतं."

"मला वाटलं खरंच जाल."

"गेलो असतो, बहुतेक," तो म्हणाला, आणि दार बंद झालं.

घरी नवरा लवकर आला होता. मुलगी गृहपाठ करत होती. मी आत गेले तशी तिने वर न बघता इथल्या इंग्रजी ढंगात विचारलं, "आई, ऑलरेडी सॉल्व्ह्ड, अर?" म्हणजे तिलाही सगळं कळलं होतं. आम्हाला वाटत होतं, आम्ही हळू बोलतोय.

महिनाभराने म्हातारीच्या मुलाचा एक मेसेज आला. आईने बरणी डॉक्टरलाच विकली होती. माझ्यापेक्षा बरीच जास्त किंमत घेऊन, आणि डॉक्टरला स्वतः घरी यायला लावून. पैशाचं काय करणार हे तिने मुलाला सांगितलं नव्हतं. पण आता ती जेवत होती.

डॉक्टर शब्दाला जागला. त्या मंडळींपैकी कुणी पुन्हा माझ्याकडून काही घेतलं नाही. नवऱ्याचा पास रिन्यू झाला, त्या दिवशी आम्ही दोघं हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो.

काही महिने मी कुठल्याच सेलला गेले नाही. मग एका रविवारी पुन्हा गेले, पुंगोललाच, घराजवळ. एक तरुण जोडपं सामान काढत होतं. शेल्फवर किल्लीने चालणारं पत्र्याचं एक जुनं खेळण्यातलं जहाज होतं, रंग न उडालेलं. मला ते ओळखता आलं. पूर्वीसारखाच हात आधी दुसऱ्याच वस्तूकडे गेला.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझ्या वडिलांचं," जोडप्यातला तरुण म्हणाला. "घ्या ना, पाच डॉलर."

"वडील कुठे असतात?"

तो जरा चिडला. "इथेच. आत झोपलेत. का?"

"त्यांना एकदा विचारा," मी म्हणाले. "आणि हे पाच डॉलरचं नाही."

तो आत गेला. त्याची बायको माझ्याकडे संशयाने बघत राहिली. आतून बोलण्याचा आवाज आला, मग तो एकटाच बाहेर आला, शेल्फवरून जहाज उचललं आणि वडिलांकडे आत घेऊन गेला.