साडूचा पिवळा गॉगल

माझा साडू पुण्यात राहतो आणि दर हिवाळ्यात बर्फावर घसरायला जातो. मी सोलापुरात राहतो, मला घसरायला न्हाणीघर पुरतं. तरी यंदा बायकोने जाहीर केलं, "ताई-दाजींबरोबर आपणही गुलमर्गला जायचं." तेव्हापासून घरात 'दाजी' इतक्यांदा होऊ लागलं की माझ्या वाट्याला नुसतं 'अहो' उरलं. एकदा तरी तिने माझ्याकडे बघून "किती छान!" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

साडूचा फोन आला. "साडूभाऊ, गॉगल नीट बघून घ्या. माझ्याकडे दोन काचा आहेत, उन्हाला काळी, ढगाला पिवळी. एकच घेणार असाल तर पिवळी घ्या. तिथं ढगांचा नेम नाही."

सल्ला चांगला होता. फक्त साडूचा होता.

नवी पेठेतल्या दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बर्फाचा गॉगल? हितं?" मग माळ्यावरून धूळ झटकत दोन काढले, एक काळा, एक पिवळा. आमच्याकडे गॉगल पारखायची रीत एकच. भर दुपारी दुकानाच्या पायरीवर यायचं आणि रस्त्याकडे बघायचं. पिवळ्यातून ऊन आणखीच पेटलं. काळ्यातून संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं.

"काळा लई गार हाय, साहेब."

"दाजी तर पिवळा म्हणाले होते," सोबत आलेली बायको म्हणाली.

झालं! "पिवळा घालून काय हळदीला बसायचंय?" म्हणत मी काळा बांधून घेतला.

गुलमर्गला पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं, मी रुबाबात होतो. दुसऱ्या दिवशी ढग खाली आले. आकाश कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळेना. माझ्या काळ्या काचेतून तर उंचवटा आणि खड्डा एकच. साडूने टकदिशी काच बदलली आणि पिवळी लावून सुळकन उतरला. खालून बायकोचा आवाज आला, "किती छान, दाजी!"

तो पुन्हा वर आला. "साडूभाऊ, दिसतंय ना?"

"सगळं दिसतंय की," मी म्हणालो. तो डाव्या हाताला होता, मी उजवीकडे बघून म्हणालो.

हसला असता तर बरं झालं असतं. त्याने सरळ आपला गॉगल काढून मला घातला आणि माझा स्वतः चढवला. "मला सवय आहे हो." माणूस चांगलाही असावा, म्हणजे जळायचीसुद्धा सोय नाही.

पिवळ्यातून प्रत्येक उंचवट्याची सावली दिसू लागली. गुडघे वाकवून, तोंड घट्ट मिटून मी निघालो आणि खाली उभाच्या उभा पोचलो. बायकोकडे पाहिलं. तिचा मोबाईल माझ्या मागे रोखलेला. माझा काळा गॉगल घातलेला साडू न दिसलेल्या खड्ड्यात गेला होता.

"अगं बाई, दाजी पडले!" दोघी बहिणी मला ओलांडून धावल्या. मिशीभर बर्फ घेऊन तो हसत होता.

संध्याकाळी तो व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर गेला. सासूबाईंचा निरोप आला, "पडले तरी कसे हसतायत बघा, गुणाचे!"

त्या व्हिडिओच्या कडेने क्षणभर एक माणूस ताठ उतरून जातो. मी बायकोला तो दाखवला.

"हे तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, तिथला शिकवणारा कोणीतरी."

माझी छाती फुगली. "मग? कसा उतरलो?"

"थांबा हो," ती म्हणाली, "आता दाजी पडतील."