हेल्पलाइनवर ऐकू आलेले सुके बोंबील

निवृत्त झालो, पण ते प्रकरण काही डोक्यातून जात नाही. मी तेव्हा बोईसरला होतो. सकाळची हजेरी चालू असताना सातपाटीची एक मासे विकणारी बाई रडत पोलीस ठाण्यात आली. बाप दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याला भेटायला निघालेला भाऊ अमेरिकेत अडकला होता. तिथलंच देशांतर्गत विमान रखडलं, म्हणून पुढचं मुंबईचं चुकलं. बाईने तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदत मागितली. कोणीतरी विमान कंपनीची हेल्पलाइन म्हणून नंबर दिला. भावाने फोन करून बुकिंगची माहिती सांगितली आणि त्या भामट्याने बुकिंगमधला मोबाईल नंबरच बदलला! आता दुसऱ्या विमानात जागा होती, पण ती पक्की करायचा कोड भामट्याच्या फोनवर जात होता. पैसे टाक, मग कोड देतो, म्हणे.

"सायबरकडे पाठवू," ठाणे अंमलदार म्हणाले.

"पाठवा की. पण तोवर हिचा बाप थांबणार आहे का?" माझा आवाज चढला.

बाईने भावाने पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. भामट्याच्या गोड बोलण्यामागे स्पष्ट हाळी आली, "सुके बोंबीऽऽल!"

"ही आमची काकी हाय, साहेब. आमच्यात परतेकीची आळी ठरलेली. काकी बोईसर सोडून जात नाय."

काकी बाजारामागच्या चाळीपाशी सापडली. "वरचा पोरगा खिडकीत फोनवर बोलत व्हता," ती फणकारली. "वरडू नको म्हणून मलाच दम देतो, मेला!"

दोन पंच आणि बाईला घेऊन वर गेलो.

"रातपाळी करून झोपलो होतो, साहेब," पोरगा डोळे चोळत म्हणाला.

मी हात उगारला नाही. बहिणीला म्हटलं, "भावाला सांग, हेल्पलाइनला परत फोन लाव." उशीखाली फोन वाजला.

"उचल. स्पीकरवर टाक."

"दादा, पैसे टाकतो," भाऊ पलीकडून रडत होता, "पण मला जाऊ द्या. बाबा वाट बघतायत."

पोरग्याने फोन कापायला अंगठा नेला. मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा त्याने कोड वाचून दाखवला. जागा पक्की झाल्याचं भावाने सांगितलं, मगच मी पंचनाम्याला बसलो.

भाऊ पोहोचला. म्हाताऱ्याने डोळे उघडून "आलास?" एवढंच विचारलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला.

आरोपी सापडला की आम्ही पोलीस छाती काढून फिरतो. त्यानंतर मात्र तक्रारदार समोर बसला की मी आधी विचारायचो, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या बाईला आरोपी नको होता, भाऊ हवा होता.