आबांचा पाट

पाण्याचा पेला हातात आला की आबा तो लगेच ओठांना लावत नसत. आधी डोळ्यांसमोर धरायचे, एक डोळा मिटायचे, पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबायचे आणि म्हणायचे, "रेघेवर शे." आमच्याकडे 'शे' म्हणजे 'आहे'. मग प्यायचे. पेल्यावर रेघ कुठेच नसायची.

शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म मोजपात्रं धुण्यात आणि भरण्यात गेलेल्या माणसाची ती सवय होती. मी त्याच शाळेत ग्रंथपाल होतो. माझे थोरले भाऊ तिथे विज्ञान शिकवत. मी त्यांना दादा म्हणे, बाकी सगळं जळगाव त्यांना सर म्हणे. आबा त्यांच्या प्रयोगशाळेचे परिचर. राहायचेही आमच्याच गल्लीत, पिंप्राळ्यात, तीन घरं सोडून. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. बायको तर 'अहो'सुद्धा म्हणत नसे. आतून भांडं आपटायची, आणि हे "आलो, आलो" म्हणत उठायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत असेल. तुम्ही त्याला पाहिलंही असेल, पण नीट पाहिलं नसेल. मीही नव्हतं पाहिलं.

प्रयोगाच्या तासाला मुलं घाईने आकडा सांगायची. आबा मागून येऊन त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारायचे. "पाणी अजून हालतंय ना रे? हालत्या पाण्याची रेघ वाचशील तर खोटं सांगशील. थांबू दे त्याले." हेच वाक्य ते गल्लीतही वापरत. कोणाची मुलगी नोकरीला पुण्याला निघाली, कोणी शिरपूरची जमीन विकून मुंबईत घर घ्यायचं म्हणालं, की लोक आबांचं मत विचारत. ते तंबाखूची डबी उघडत आणि म्हणत, "पाणी थांबू द्या, मंग सांगतो." पाणी काही थांबायचं नाही आणि माणसं निघून जायची.

पण आबांची खरी ओळख वेगळीच होती. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरून मांडतात. त्याच्या जागी बाहेरच्या एखाद्याला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरता तोच पितर. घरचं माणूस चालत नाही. पितृपक्षातही तसंच. बसायला कोणीही मिळतं, पण बहुतेक जण येतात, जेवतात आणि ढेकर देऊन जातात. आबा तसे बसत नसत. ज्याच्यासाठी बसायचं तो माणूस कसा जेवायचा ते त्यांना आठवत असे, आणि ते तसेच जेवत.

गल्लीतले एक तलाठी वारले, तेव्हाची गोष्ट. तलाठी फार तापट. पहिल्या पितृपक्षात आबा त्यांच्या पाटावर बसले, आमटीचा एक भुरका मारला आणि वाटी खणकन खाली ठेवली. "मीठ कोणी टाकलं? हात शे का फावडं?" दोन्ही सुना दचकून स्वयंपाकघरात पळाल्या. मुलं उभीच्या उभी. कोपऱ्यात बसलेली म्हातारी पदर तोंडाला लावून आधी हसली आणि मग बराच वेळ रडली. निघताना आबा सुनांना म्हणाले, "आमटी बराबर होती, बाई. पण ते कधी बराबर म्हने का?"

दादा गेले, आणि पुढच्या आखाजीला आबा आमच्या घरी आले.

मी लग्न केलं नाही. वहिनी लवकर गेल्या होत्या. त्यामुळे घरात आम्ही दोघे भाऊच होतो, आणि आता मी एकटा. शेजारच्या अक्कांनी पोळ्या, रस, कुरडया असं सगळं करून आणलं. मी घागर मांडली, निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकला. आबा पाटावर बसले. चष्मा काढून ताटाच्या डावीकडे, काचा वर करून ठेवला. दादा तसाच ठेवत. रसाची वाटी लांब सरकवून ठेवली, शेवटी खायला. मी काय करावं ते न सुचून दारात उभा होतो, आणि हातात सवयीने एक पुस्तक होतं. आबांनी मान वर न करता म्हटलं, "पुस्तक मिट आणि ये जेवायला. पळून नाही जात ते."

हे वाक्य मी रोज ऐकत आलो होतो, आणि अकरा महिने ऐकलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि जेवायला बसलो.

पुढच्या दोन आखाज्याही आबाच बसले. दुसऱ्या वर्षी त्यांची बायको गेली. तिच्यासाठी सवाष्ण बसवावी लागे, आणि शेजारच्या अक्का बसत. आबा दारात उभे राहून त्यांना सूचना देत. "अक्का, जरा भांडं आपटा ना. तशी गप कुठं बसायची ती?"

मुलगा मुंबईत नोकरीला. तो म्हणू लागला, आता एकटे राहू नका, इकडे या. आबा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसत.

"भाऊ, तुम्ही एवढं वाचेल शे. पुस्तकात काय लिहेल आहे? जावं का माणसानं?"

"पुस्तकात दोन्हीकडून लिहिलेलं असतं, आबा."

"मंग वाचता कशाले?" ते हसत. एकदा तंबाखूची डबी उघडून म्हणाले, "मले तिथल्या गर्दीची भीती नाही. महागाईचीही नाही, दोन भाकरीचं पोट. पण इथं मी मेलो तर माझ्या पाटावर बसाले दहा माणसं मिळतील. तिथं कोण बसेल? मी जेवतो कसा, हे तिथं कोणाले ठाऊक?"

'जाऊ नका' म्हणावंसं वाटत होतं, पण त्यात माझाच स्वार्थ होता. संध्याकाळी ओट्यावर येणारं माणूस मला दुसरं नव्हतं.

निर्णय मुलानेच करून टाकला. एका खोलीत बाप मावणार नाही म्हणून त्याने जादा खोलीचं घर भाड्याने घेतलं. चौदावा मजला, खिडकीतून समुद्र. आबांना ते कळलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. "आता नाही कसं म्हनू?" ते म्हणाले. "माझ्या झोपायच्या जागेसाठी सुनेचा अख्खा पगार चालला."

त्यांनी सामान प्रयोगशाळेसारखं बांधलं. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. 'डाळी.' 'कपडे, हिवाळी.' एका लहान खोक्यावर तांबड्या शाईने 'जपून. काच.' त्यात बायकोच्या बांगड्या होत्या. घराची किल्ली माझ्याकडे दिली. जाताना माझ्या ओट्यावर पाणी मागितलं, पेला डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ धरला. "रेघेवर शे" म्हणालेच नाहीत. नुसतं प्यायले.

मग फोन येऊ लागले, रविवारी सकाळी. पहिल्याच फोनवर मी विचारलं, "समुद्र कसा आहे?"

"दोन बिल्डिंगांच्या मधून दिसतो. परीक्षानळीएवढा. तेवढ्याचं भाडं जास्त शे म्हने."

आणखी एका रविवारी म्हणाले, "भाऊ, एवढं पाणी समोर, अन् पितराले देता येईना. खारं."

मी दर वेळी तेच विचारत असे. "आबा, जाणं बरोबर झालं का?" आणि ते दर वेळी म्हणत, "पाणी अजून हालतंय."

तिथल्या पहिल्या आखाजीला मात्र त्यांनी एक चूक केली. आमच्याकडच्या कोणालाही ती चूक वाटलीच नसती. बायकोसाठी सवाष्ण हवी होती. लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या एक बाई भेटत, आबांच्या बायकोच्याच वयाच्या, कुंकू लावणाऱ्या. आबांनी हात जोडून त्यांना सांगितलं, "उद्या दुपारी आमच्या घरी या. माझ्या बायकोच्या जागी बसायचं शे. साडी मी आणून ठेवेल आहे."

संध्याकाळी त्या बाईंचा मुलगा सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन वर आला.

हे मला फोनवर सांगताना आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "भाऊ, या वयात माझ्यावर असली तक्रार! ती असती ना, तर भांडं नाही, हंडा आपटला असता." मीही हसलो.

"मग कोणाला बसवलंत?" मी विचारलं.

"सुनेनं रजा काढली. म्हने, मी बसते. मी म्हनलं, पोरी, घरचं माणूस चालत नाही. ती म्हने, 'मी तुमच्या घरी येऊन दोनच वर्षं झाली, आबा, अजून थोडी बाहेरचीच आहे की.' काय बोलाल आता?" मग म्हणाले, "बसली. अन् भांडं आपटलं, भाऊ. पोरानं शिकवेल होतं तिले."

त्या वर्षी माझ्याकडे दादांच्या पाटावर कोणीच बसलं नाही. गल्लीतल्या दोघांनी विचारलं होतं. मीच नको म्हणालो. दादांचा चष्मा कुठे ठेवायचा ते त्यांना कोण सांगणार? रिकाम्या पाटासमोर ताट वाढलं, आणि नंतर गाईला घातलं. पुढच्या वर्षीही तेच केलं. आबांना फोनवर सांगायचो की सगळं नीट झालं.

गेल्या थंडीत आबा गेले. तीन दिवस ताप, आणि मग एका सकाळी मुलाचा फोन. मी निघायचं ठरवेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं, आणि मी गेलोच नाही. नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावाहून दोन पुतणे मुंबईला पोहोचले, तेवढेच.

चैत्र संपत आला तेव्हा मुलाने पुन्हा फोन केला. "काका, आखाजीला आबांच्या पाटावर कोणाला बसवू? इथे कोणाला विचारायचं तेच कळत नाही. त्या नवव्या मजल्यावरच्या बाईंचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही याल का?"

म्हणजे आबांना जी भीती होती तेच झालं, असं मला वाटलं. मनात थोडा रागही आला, त्या शहराचा. दुसरीकडे माझ्या दादांची घागर होती. ती भरण्याचं शेजारच्या अक्कांना सांगून मी आदल्या दिवशीच्या गाडीने निघालो. गाडीत पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. पाटावर बसून काय काय करायचं ते आठवत होतो. पेला डोळ्यांसमोर धरायचा. 'रेघेवर शे' म्हणायचं.

चौदाव्या मजल्यावरचं घर लहान आणि स्वच्छ होतं. स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीने डबे होते आणि प्रत्येकावर आबांच्या अक्षरातली चिठ्ठी. 'मीठ, जाड.' 'मीठ, बारीक.' 'लाल तिखट, गावचं, जपून.' सून पोळ्या लाटत होती. मी चिठ्ठ्या वाचतोय हे पाहून म्हणाली, "आधी मला राग यायचा. आता मीच नवीन डब्याला चिठ्ठी लावते."

खिडकीखाली तांब्याचे तीन कलश मांडले होते, पाण्याने भरलेले. मातीच्या घागरी त्या भागात मिळाल्या नव्हत्या. पहिल्या कलशावर आबांच्या अक्षरात 'आई' अशी चिठ्ठी होती. मुलाच्या आईसाठी. दुसऱ्यावरही त्यांचंच अक्षर. 'सर.'

"हा दुसरा?" मी विचारलं, खरं तर मला कळलं होतं.

"तुमच्या दादांचा. दोन्ही वर्षं भरला त्यांनी. म्हणायचे, भाऊ एकटे आहेत, पाटावर कोणी बसलं नसेल. फोनवर खोटं सांगतात."

तिसऱ्या कलशावरची चिठ्ठी वेगळ्या अक्षरात होती. गोल, शाळकरी. 'आबा.'

मी पाटावर बसलो. ताट वाढलं गेलं. पोळी, रस, कुरडई, भजी, आमटी. मुलगा आणि सून समोर उभे राहिले, माझ्याकडे पाहत. मी पोळीला हात लावला आणि थांबलो.

मला आठवेना. नाही, आठवण्यासारखं काही नव्हतंच. आबा माझ्या घरी जेवले ते दादांसारखे. तलाठ्यांच्या घरी तलाठ्यांसारखे. ते स्वतः कसे जेवत, हे तीन घरं सोडून राहणाऱ्या मला कधीच दिसलं नव्हतं. ओट्यावर ते फक्त पाणी पीत.

सुनेच्या ते लक्षात आलं. ती माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात सांगू लागली.

"पोळीचे आधी चार तुकडे करायचे, काका. सारखे. हं. रस वाटीत नाही, त्या तुकड्यांवर ओतून घ्यायचे. मिरची मागायचे आणि खायचे नाहीत, नुसती ताटात लागायची. कुरडई मोडताना आवाज होऊ द्यायचे नाहीत. आणि शेवटचा तुकडा ठेवायचे, मी ऑफिसातून आले की मला द्यायला."

मी पोळीचे चार तुकडे केले. ते सारखे झाले नाहीत. तिने मिरची आणून ताटात ठेवली. मी जेवलो. एक तुकडा ठेवला आणि ताट तिच्याकडे सरकवलं. तिने तो उचलला, आणि तोंड फिरवून खाल्ला.

मग मुलाने पाण्याचा पेला दिला. मी तो डोळ्यांसमोर धरला आणि एक डोळा मिटला. पाण्याच्या पलीकडे खिडकी होती, आणि खिडकीत दोन बिल्डिंगांच्या मधे तेवढाच तो समुद्र. दोघं वाट पाहत होती, मी काय म्हणतो त्याची.

पाणी अजून हलत होतं. मी ते थांबायची वाट पाहत राहिलो.